वाचकांचे प्रश्न: शर्टाचा रंग कोणता होता?

मागच्या अंकात मी विचारलं होतं की आई हरवलेल्या मुलाला शोधते या एका ओळीवर जगभरात इतके ॲक्शन थ्रिलर निघालेत, पुढे काय होणार ते आपल्याला माहिती असतं, तरी दर वेळी जीव टांगणीला का लागतो, तुम्हाला काय वाटतं ते कळवा. त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बहुतेक सगळे प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतून आलेत, आणि खूप जणांनी सिनेमाचं विचारता विचारता शेवटी स्वतःच्या पोराबाळांचंच विचारलंय. मी नौपाड्यात राहते, वीस वर्षं एडिटिंगच्या टेबलवर काढलीत आणि एका मुलाची आई आहे, तर उत्तरांमध्ये हे सगळंच येणार.

ताई, साधी घरातली बाई, आदल्या सीनपर्यंत डबा भरत असते आणि मूल पळवलं की एकदम चार-चार गुंडांना लोळवते. थेटरात आम्ही टाळ्या वाजवल्या पण घरी येताना मिस्टर म्हणाले काहीही दाखवतात. तुम्हाला पटतं का हे? (एक वाचक, कळवा)

मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. चार गुंड लोळवणं मलाही पटत नाही. पण मला विचाराल तर सिनेमा तिथे चुकतच नाही, तो चुकतो आधीच, जेव्हा तो आईच्या हातात बंदूक देतो आणि विसरून जातो की तिच्याकडे पहिल्यापासून एक गोष्ट आहे जी त्या गुंडांकडे नाही, पोलिसांकडे नाही, कुणाकडेच नाही. तिला ते मूल माहितीये. भूक लागली की ते चिडतं का गप्प होतं, घाबरलं की पलंगाखाली जातं का दाराआड, अनोळखी माणसाने नाव विचारलं तर खरं सांगेल का, चप्पल उलटी घालतं का. ज्या सिनेमात आई या माहितीच्या जोरावर एक एक पाऊल पुढे सरकते ना, तो सिनेमा खरा वाटतो, मग त्यात मारामारी कितीही असू दे.

2005 सालचा 'फ्लाइटप्लॅन' बघा. जोडी फॉस्टरची मुलगी चालू विमानात गायब होते आणि सगळे म्हणतात मुलगी विमानात चढलीच नव्हती, तुम्हाला भास होतोय. पण ही बाई विमानाच्याच कामातली इंजिनियर आहे, त्यामुळे प्रवाशांना कधी न दिसणाऱ्या जागा तिला पाठ आहेत, आणि तिची सगळी ॲक्शन त्या माहितीतून येते. किंवा 'चेंजलिंग' घ्या, 2008 चा, क्लिंट ईस्टवूडचा. तो ॲक्शनपट नाही पण गोष्ट खरी घडलेली आहे. लॉस एंजेलिसमध्ये 1928 साली क्रिस्टिन कॉलिन्स नावाच्या बाईचा मुलगा हरवला, पाच महिन्यांनी पोलिसांनी एक मुलगा आणून उभा केला, म्हणाले हाच तुमचा. ती म्हणाली नाही हा माझा नाही, याची उंचीच कमी आहे. पोलिसांनी काय केलं तर तिलाच वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. आणि बरोबर कोण होतं, तर आई. तो मुलगा दुसराच निघाला.

आणि आपल्याकडे तर हे सगळं हिरकणीने कधीच करून दाखवलंय. रायगडावर दूध विकायला आलेली बाई, कोजागिरीची रात्र, गडाचे दरवाजे बंद झालेले आणि खाली घरी तान्हं बाळ. तिच्या गोष्टीत व्हिलन नाहीच हो. पहारेकरी पण वाईट नाहीत, ते त्यांचं काम करतायत. आहे तो फक्त कडा, काटेरी झुडपं आणि बाळाच्या भुकेची वेळ. आजकालच्या थ्रिलरमध्ये बॉम्बवर लाल आकडे उलटे पळतात, हिरकणीच्या गोष्टीत ते काम पान्ह्याने केलंय. छातीत दूध दाटलंय आणि खाली लेकरू रडतंय, याच्याहून मोठं टेन्शन कुठला लेखक आणणार. महाराजांनी तिथे बुरूज बांधला तो तिने कुणाला लोळवलं म्हणून नाही, ती उतरली म्हणून. मिस्टरांना हे सांगा आणि काय म्हणतात ते कळवा.

आईचं काम करणारी हिरोइन खरंच उड्या मारते का? आणि फाइटमध्ये लागत नाही का? (दहावीतली मुलगी, वाशी)

काही जणी काही गोष्टी स्वतः करतात, बाकी डबल, म्हणजे तिच्या जागी स्टंट करणारी बाई, करते. आपल्याकडे 1935 साली 'हंटरवाली'मध्ये फिअरलेस नादिया स्वतःच सगळं करायची. 'शोले'मध्ये (1975) हेमा मालिनीचा टांगा पळतो तिथे रेश्मा पठाण होत्या, त्यांना त्या टांग्याच्या सीनमध्ये लागलं पण होतं. नादिया स्टार होती, पण रेश्मांसारख्या डबल करणाऱ्या बायकांची नावं पडद्यावर आली नाहीत कितीतरी वर्षं, म्हणून मी मुद्दाम लिहितेय, तू पण लक्षात ठेव. हल्ली कमरेला हार्नेस आणि वायर असते, ती नंतर कॉम्प्युटरवर पुसतात, खाली एअरबॅग असते, काच फुटते ती खरी काच नसते. आणि ठोसा लागतच नाही. कॅमेरा अशा बाजूला ठेवतात की दोघांमधली फट दिसत नाही, आवाज नंतर भरतात. राहिलेलं आम्ही एडिटवाले करतो. एका सेकंदात 24 फ्रेम असतात, हात गालापाशी येतो तिथल्या दोनच फ्रेम काढल्या की बघणाऱ्याला तो फटका स्वतःला बसल्यासारखा वाटतो. तरी स्टंटवाल्यांना लागतं, रोज लागतं, ते काम सोपं आहे असं अजिबात समजू नकोस.

ताई, मी कॉलेजला आहे, पंधरा मिनिटांची शॉर्टफिल्म करायचीय, आई मुलीला शोधते अशी, ठाणे ते नेरूळ या पट्ट्यात. बजेट नाहीये, गाड्या उडवणं वगैरे शक्यच नाही. थ्रिल कसा आणू? (नेरूळ)

बजेट नाही हे तुझं नशीब समज, मनापासून सांगतेय. गाड्या उडाल्या की आई बाजूला राहते.

पहिली गोष्ट म्हणजे सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉक याने सांगितलेला टेबलाखालच्या बॉम्बचा फरक डोक्यात पक्का कर. दोन माणसं गप्पा मारतायत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक दचकतो, पंधरा सेकंद. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं आणि ती दोघं क्रिकेटवर बोलत बसली, तर प्रेक्षक पंधरा मिनिटं मनात ओरडत राहतो की उठा रे. तुझ्या फिल्ममध्ये आईच्या आधी आम्हाला कळू दे. आई ठाणे स्टेशनला दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उभी आहे आणि मुलगी नऊ-दहा नंबरवर नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या गाडीत चढताना आम्हाला दिसली, बास, आता आईने पाण्याची बाटली विकत घेतली तरी आमचा जीव वर-खाली होणार.

दुसरं, जागा जशी आहे तशी वापर. तू रोज जातोस त्या लाइनवर, तुला ती स्टेशनं क्रमाने पाठ असतील, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. लोकलमध्ये बसलेल्या माणसाला मधेच उतरता येत नाही, पुढचं स्टेशन येईपर्यंत थांबावंच लागतं, ती दोन-तीन मिनिटं म्हणजे तुला फुकटात मिळालेलं घड्याळ आहे. आई गाडीत, फोनवर कोणीतरी सांगतंय की मुलगी मागच्या स्टेशनला दिसली, आणि गाडी पुढे चाललीये. एकही फाइट नाही आणि तरी घाम फुटेल.

तिसरं, मला एक सीन सुचलाय तो तुला देऊन टाकते. थंडी-उन्हाळ्यात तुमच्या नेरूळच्या तळ्यावर फ्लेमिंगो येतात, तेव्हा सकाळी काठावर ही गर्दी असते, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा, मोबाईल. सगळ्यांचे चेहरे पाण्याकडे. म्हणजे शंभर कॅमेरे चालू आहेत आणि पाठीमागे काय चाललंय ते एकालाही दिसत नाहीये. मुलगी तिथे हरवते. मग आई त्या एकेका माणसाला गाठते, तुमचे फोटो दाखवा, पक्ष्यांचे नको, ज्यात चुकून मागचं काही आलंय ते दाखवा. कोणाच्या तरी बिघडलेल्या सेल्फीच्या कोपऱ्यात फ्रॉकची किनार. ही आई इन्स्पेक्टरसारखं बोलणार नाही, तिचे हात थरथरत असतील, तिला दुसऱ्याच्या मोबाईलवर झूम करता येत नसेल, तो माणूस म्हणेल द्या इकडे मी करतो. हे हात क्लोजअपमध्ये घे, चेहरा नंतर.

आवाजाचं विसरू नकोस. आई शोधते तेव्हा ती आधी कान लावते. गर्दीतलं प्रत्येक मूल आई म्हणून हाक मारतं आणि ती दर वेळी वळते. स्टेशनची अनाउन्समेंट, फेरीवाले, भोंगा, सगळं ठेव, पार्श्वसंगीत शेवटपर्यंत टाळलंस तरी चालेल. आणि एक सांगते, रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शूट करू नकोस, मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करावा लागतो, फी असते, वेळ लागतो. नाहीच जमलं तर आईला पुलाखालच्या रस्त्यावर ठेव आणि लोकल फक्त ऐकू येऊ दे. आणि हरवलेल्या मुलीचं काम करणाऱ्या पोरीला खरोखर एकटं सोडून लपून शूट करायचं असलं काही डोक्यात असेल तर ते लगेच काढून टाक.

या सिनेमांमध्ये बाप नेहमी मेलेला, परदेशी, नाहीतर बिनकामाचा का असतो? आम्हाला काय पोरांची काळजी नसते? (दोन मुलींचा बाबा, घणसोली)

असते, आणि तुमचा राग योग्य आहे. लेखकाला आई एकटी हवी असते, एकटी असली की भीती वाढते, म्हणून बापाला पहिल्या दहा मिनिटांत बाजूला करतात. सोय आहे ती, दुसरं काही नाही. 2015 च्या 'जज्बा'मध्ये ऐश्वर्या राय वकील आहे, मुलीला पळवतात आणि एका गुन्हेगाराला सोडवून दाखव म्हणतात, मूळ कोरियन 'सेव्हन डेज' (2007), तिथेही भार सगळा आईवर. आणि बाप शोधतो तेव्हाच्या सिनेमांत उलटं, तिथे आई फोनजवळ रडत बसलेली. मला खरंच बघायचाय तो सिनेमा ज्यात दोघं शोधतायत आणि दोघांना दोन वेगळी मुलं माहितीयेत. म्हणजे मूल एकच, पण बापासोबत ते कुठली आइसक्रीम खातं हे आईला माहीत नाही आणि आईजवळ ते कशाला घाबरतं हे बापाला माहीत नाही. दोघांचं जुळवल्याशिवाय पत्ता लागतच नाही. तुम्ही लिहिता का? मी वाचीन.

ताई, मुलगी आठ वर्षांची आहे, ओटीटीवर असा सिनेमा लागला होता, यूए लिहिलेलं म्हणून बघू दिला, आता रात्री बाथरूमला एकटी जात नाही. चूक झाली का माझी? (ऐरोली)

मनाला लावून घेऊ नका. यूए लिहिलं की मुलांचाच आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, यूए म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचा. सिनेमॅटोग्राफ कायदा 2023 मध्ये बदलला आणि थेटरच्या सिनेमांना आता यूए सात प्लस, तेरा प्लस, सोळा प्लस असे वेगळे शिक्के मिळतात, ओटीटीवर पण असे वयाचे आकडे असतात, तो आकडा बघत जा. तेरा प्लस असेल तर आठ वर्षांच्या मुलीला नको, मारामारी नसली तरी नको, कारण आई हरवणं हीच या वयात सगळ्यात मोठी भीती असते. आता करायचं एवढंच की तिला त्या सिनेमातली आई शेवटी कशी शोधते ते तिच्याच तोंडून सांगायला लावा, आणि विचारा आपण हरवलो तर काय करायचं. तिला तुमचा मोबाईल नंबर पाठ आहे का? नसेल तर या आठवड्यात करून घ्या, गाण्याच्या चालीत पटकन होतो. भीतीला काहीतरी काम दिलं की ती कमी होते, माझ्या घरातला अनुभव आहे.

त्या सिनेमांमधलं लहान मूल इतकं खरं रडतं, बघवत नाही. शूटिंगला मुलाला छळतात का हो? (आजी, कोपरी)

आजी, पूर्वी काय काय चालायचं ते बोलायला नको. आता कायद्यात नियम आहेत, 2017 सालचे. मुलाला दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, सलग 27 दिवसांच्या वर काम नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस सेटवर हवा, आणि मिळालेल्या पैशातला निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने बँकेत ठेवायचा. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही हे पण त्यातच लिहिलंय. पाळतात का, तर सगळीकडे नाही, पण पालकांनी विचारायला लागलं की पाळतात.

रडण्याचं म्हणाल तर बरंचसं आमच्या टेबलवर होतं. ते मूल कदाचित झोपेतनं उठून जांभई देत असतं. त्याचा शांत चेहरा दाखवायचा, मग बंद होणारं दार, मग परत तोच चेहरा, आणि तुम्हाला वाटतं केवढं घाबरलंय बिचारं. चेहरा बदललेलाच नसतो. रडण्याचा आवाज पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचा असतो. मी एकदा एका सीनमध्ये मुलाचं खरं रडणं वापरायचं नाही म्हणून भांडले होते, ते आईला शोधत खरंच रडत होतं आणि कॅमेरा चालू राहिला होता. तो शॉट मी काढला, सीन अजिबात कमी झाला नाही.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय की मुलं पळवणारी टोळी फिरतेय, बायकांच्या वेशात, भिकारी बनून. सिनेमात दाखवतात तसंच. खरं असतं का? (कोपरखैरणे)

हा मेसेज पुढे पाठवू नका, आधी हे करा, मग माझं उत्तर वाचा.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा गाव आहे. 1 जुलै 2018 ला तिथे पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. मुलं पळवणारे आलेत अशी अफवा मोबाईलवर फिरत होती, बस, तेवढ्यावर. त्या पाच जणांनी एकही मूल पळवलेलं नव्हतं. त्यांच्याही घरी मुलं होती, आया होत्या.

मुलांची तस्करी होते, नक्की होते, आणि 2014 च्या 'मर्दानी'ने ती शहरात आपल्या नाकाखाली कशी चालते ते दाखवलं, त्यात राणी मुखर्जीची शिवानी कोणाची आई नाही, पोलीस आहे, पण त्या मुलीला आईसारखीच शोधते. पण बघा, त्या सिनेमातला मुख्य माणूस फाटक्या कपड्यातला नाही, चांगलं बोलणारा, चांगल्या घरात राहणारा मुलगा आहे. बाकी कितीतरी सिनेमांनी मात्र झोळीवाला, भिकारी, तृतीयपंथी यांना चोर दाखवून ठेवलंय आणि ते आपल्या डोक्यात इतकं बसलंय की मूल दिसेनासं झालं की आपली नजर आधी गरिबाकडे जाते. या बाबतीत मी सिनेमावाल्यांना माफ करत नाही, त्यात आम्ही एडिटवाले पण आलो. हरवलेली पुष्कळ मुलं रागावून, मार्कांच्या भीतीने, घरातल्या मारहाणीला कंटाळून स्वतःहून निघालेली असतात आणि प्लॅटफॉर्मवर सापडतात. काही वेळा नेणारा ओळखीतलाच असतो. संशय आलाच कोणाचा तर 112 ला फोन करा, गर्दी गोळा करू नका.

सिनेमात पोलीस आईला म्हणतात 24 तास थांबा, येईल परत. मग ती एकटीच निघते. खरंच असा नियम आहे का? माझा नातू रोज चरईतून एकटा क्लासला जातो म्हणून विचारतो. (आजोबा, चरई)

आजोबा, असा नियम नाही. हा प्रश्न तुम्ही विचारला त्याबद्दल मी तुमची आभारी आहे, कारण सिनेमाच्या सोयीसाठी घातलेला हा एक डायलॉग लोकांना खरा वाटतो आणि लोक घरीच थांबतात, पहिले तासच सगळ्यात महत्त्वाचे असतात ते वाया जातात.

सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 ला बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय, मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचाच, आणि ते अपहरण किंवा तस्करी आहे असं धरूनच तपास चालू करायचा. मूल अठरा वर्षांखालचं असलं की झालं. हद्द आमची नाही असंही सांगता येत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात ते लिहूनच ठेवलंय. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. आणि फोन नंबर दोनच लक्षात ठेवा, 112 आणि मुलांसाठीचा 1098. हा 1098 आपल्या मुंबईतच 1996 साली सुरू झाला. रेल्वेत किंवा स्टेशनवर असाल तर 139.

पोलीस ठाण्यात जाताना काय न्यायचं तर अलीकडचा फोटो, वाढदिवसाचा नटलेला नको, रोजच्या कपड्यातला. उंची, अंगावरची खूण, बोलायची सवय, कोणत्या नावाने हाक मारल्यावर वळतो ते. एफआयआरची कॉपी मागून घ्या, ती फुकट मिळते. आणि ग्रुपवर फोटो टाकलात तर मूल सापडल्यावर तो काढायला सांगा सगळ्यांना, नाहीतर ते पोर मोठं होतं आणि फोटो फिरतच राहतो.

एवढं मला का माहिती, ते सांगते. आमचा लेक पाच वर्षांचा होता. गणपतीच्या आधीचा रविवार, मी गोखले रोडवरनं मखराचं सामान घेऊन स्टेशनला आले, कल्याणकडच्या पुलावर ही गर्दी. एका हातात थर्माकोल, एका हातात तो. वरच्या पायरीवर धक्का लागला आणि हात सुटला. वळून बघते तर नाही. अकरा मिनिटं. खाली एक पोलीस उभे होते, त्यांनी वही काढली आणि सरळ विचारलं, बाई, शर्टाचा रंग सांगा. आणि मला आठवेना. मीच सकाळी घातला होता, बटणं मीच लावली होती, आणि मला रंग आठवेना. ते दोनदा म्हणाले शांत व्हा, आठवेल. नाही आठवला. तेव्हापासून गर्दीत जायचं असलं की घरातून निघताना मी मुलाचा एक फोटो काढते, दारातच, चपलेसकट. नातवाचा पण काढत जा रोज, मोबाईलला काही पैसे पडत नाहीत.

ताई, एकच विचारायचंय. मूल सापडल्यावर आई आधी थप्पड मारते आणि मग मिठी मारते, प्रत्येक सिनेमात. का? (सीवूड्स)

कारण मी पण मारली होती.

रंग आठवला नाही पण एक गोष्ट आठवली. आमच्या लेकाला जिना दिसला की पायऱ्या मोजायची सवय होती, घाबरला की जास्तच, आणि मधे चुकला की परत पहिलीपासून. मी वरच्या गर्दीत ओरडत होते आणि एकदम डोक्यात आलं की तो वर नसणारच, आकडा चुकला असणार, तो खाली गेला असणार. जिन्याच्या तळाशी एक मासेवाली मावशी बसली होती, रिकामी पाटी उपडी करून तिच्यावर तिने त्याला बसवलं होतं आणि स्वतःच्या पदराचं टोक त्याच्या मुठीत दिलं होतं. ती मला म्हणाली, नाव सांगत नव्हता, मी म्हटलं नको सांगू, पण हलू नको, आई इथेच येईल. मी त्याला एक ठेवून दिली. जोरात. मग खालीच बसले. मावशी मला काही बोलली नाही, मुलाच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली, नंतर माझ्याही.

थप्पड बरोबर होती असं मी म्हणत नाही, ती लागली त्याला आणि मला आजही लागते. पण अकरा मिनिटं जे अंगात साठलं होतं ते हातातनं निघालं, अंगाला काही कळत नाही त्या वेळी काय आधी आणि काय नंतर. एखादा दिग्दर्शक थप्पड गाळून डायरेक्ट मिठी दाखवतो ना, तेव्हा मला तो सीन खोटा वाटतो.

तो रडला, मग थांबला आणि म्हणाला तू मधेच ओढलंस म्हणून चुकलं, परत मोजू. मग आम्ही दोघं वर गेलो, एक एक पायरी, थर्माकोल मावशीपाशीच राहिला. त्याचे किती आले ते त्याने सांगितलं पण मला आठवत नाही, मी मोजतच नव्हते, मी शर्टाकडे बघत होते. पिवळा होता, खिशावर होडी.